पेन्शनीतले वाटेकरी

आमच्या कार्यालयात कुठल्याही कामाला फी नव्हती, आणि माझ्या सगळ्या नोकरीत तीच आमची मोठी अडचण होती. फुकट मिळतं त्यावर आपल्या माणसांचा विश्वास बसत नाही. लांबून एसटीनं आलेला म्हातारा सुभेदार अर्ज देऊन उठताना खिशात हात घालायचा आणि हळूच विचारायचा, "मॅडम, चहापाण्याचं काय?" मी म्हणायचे, "काही नाही, आबा. चहा प्यायचा असला तर मीच पाजते." त्यावर तो माझ्याकडं असा बघायचा, की आता ह्या बाईच्या हातून काम होण्याची आशा सोडावी. पैसे घेत नाही म्हणजे हिची वर कुठं ओळख नसणार.

मी माजी सैनिकांचं आणि त्यांच्या विधवांचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयात कारकून होते. पहिली वर्षं साताऱ्याला, पुढची सांगलीला. ह्या दोन जिल्ह्यांत फौजेशी संबंध नसलेलं गाव शोधावं लागेल. कुणाचा आजा गेलेला, कुणाचा बाप, कुणाचे तिघेही भाऊ. पारावर बसलेल्यांत दोघं-तिघं पेन्शनर असतात, आणि गाव त्यांना अजून हुद्द्यानं हाक मारतं. ह्या माणसांच्या पेन्शनीत हात घालणारी एक जमात गेल्या काही वर्षांत आमच्याकडं वाढली आहे. तिच्याबद्दल मला लिहायचं आहे. शांतपणे लिहायचं ठरवलं होतं, पण जमेल असं वाटत नाही.

बाहेरच्या माणसाला आमचं काम थोडं सांगायला हवं. जवान निवृत्त होतो तेव्हा त्याच्या नावानं पेन्शनचा हुकूम निघतो. त्यात त्याचं नाव, जन्मतारीख, बायकोचं नाव. हे सगळं कधीकाळी पलटणीतल्या कुणा कारकुनानं कानावर पडेल तसं लिहिलेलं असतं. आमच्या बायकांच्या नावापुढं 'बाई' असतं. लिहिणारा उत्तरेकडचा असला की तिची 'देवी' होते. नवरा जिवंत असेपर्यंत हे कुणाच्या लक्षात येत नाही. तो गेला की बँकेतला साहेब म्हणतो, "हुकमात हिरादेवी आहे. तुमच्या आधारकार्डावर हिराबाई आहे. हिरादेवी कुठं आहेत?" आता हिरादेवी नावाची बाई जन्मालाच आलेली नसते, ती कुठून आणायची?

मग प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, नवरा-बायकोचा एकत्र फोटो, आणि अर्ज. तो अर्ज आमच्याकडून त्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो, तिथून पुढं पेन्शनच्या खात्यात. ह्या सगळ्याला खर्च येतो तो एसटीच्या तिकिटाचा आणि झेरॉक्सचा. पण वेळ लागतो. कधी महिने, कधी वर्ष. त्या दिवसांत घरात पैसा येत नाही, आणि कुणी काही सांगतही नाही.

दलाल नेमका हा थांबण्याचा काळ विकत घेतो. त्याला काही करावं लागत नाही. अर्ज आमच्या टेबलावरून गेलेला असतो, तो त्याच्या गतीनं पुढं सरकत असतो. दलाल फक्त मधे येऊन बसतो, "दिल्लीला माझा माणूस आहे" म्हणून सांगतो, आणि मंजुरी आली की वाटा मागतो. कोंबड्यानं आरवून झाल्यावर उजाडल्याचं भाडं मागावं, त्यातला प्रकार.

वर जे हिराबाई नाव घेतलं, ते उगीच घेतलं नाही. पाचगणीच्या खालच्या अंगाला एका गावात ती राहायची. बौद्ध समाजातली. नवरा फौजेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेला, दमा होऊन गेला. ती स्ट्रॉबेरीच्या मळ्यात मजुरीला जायची. एक दिवस साताऱ्याच्या कार्यालयात आली ती पेन्शन सुरू झाली नाही म्हणून नव्हे. पेन्शन सुरू होऊन बराच काळ झाला होता. तिची शंका वेगळी होती.

"मॅडम," ती म्हणाली, "ह्ये सरकार जो निम्मा पैसा कापतंय, त्यो कवा बंद व्हनार?"

मला काही उमगेना. विधवेच्या पेन्शनीतून निम्मी रक्कम कापणारं कुठलंही सरकार मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "कोण कापतं? तुम्हाला पैसे कुठून मिळतात?"

"ते साहेब आनून देत्यात की घरी. त्यांच्याकडं माजं कारड हाय. म्हनाले, नाव चुकल्याला दंड हाय, म्हनून सरकार निम्मं कापतंय."

ते साहेब म्हणजे बाजाराच्या गावातला एक माणूस. नावाची दुरुस्ती मीच पाठवली होती, त्याच टेबलावरून. मंजुरी आल्यावर त्यानं तिला बँकेत नेलं, खातं चालू करून दिलं, एटीएम कार्ड स्वतःकडं ठेवलं. दर महिन्याला तो पैसे काढायचा, निम्मे घरी नेऊन द्यायचा. आणि ही बाई त्याला चहा करून पाजायची, आपल्यासाठी एवढा हेलपाटा घालतो म्हणून.

मी तिला समजावून सांगितलं. असा कुठलाही दंड नसतो. नाव तिनं चुकवलेलं नाही, लिहिणाऱ्यानं चुकवलं आहे. तिनं बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "म्हंजे आमच्या मालकाच्या पैशावर त्याचं प्वॉट चाललंय व्हय?"

मी तिच्याबरोबर बँकेत गेले. जुनं कार्ड बंद करून घेतलं, नवं तिच्या हातात दिलं. तक्रार करायला मात्र ती तयार झाली नाही. "एकटी बाई हाय मी," म्हणाली, "त्याच गावातनं मला जायाचं-यायाचं असतं." गेलेला पैसा गेला. त्या माणसाला कुणी काही विचारलं नाही. 

मला इतका राग का येतो, हेही सांगते. माझे यजमान फौजेत ड्रायव्हर होते. डोंगरातल्या रस्त्यावर गाडी दरीत गेली आणि ते गेले. माझी मुलगी तेव्हा मांडीवर होती. मला बँकेची स्लिप भरता येत नव्हती. आमच्या चुलतसासऱ्यांनी मला ह्याच कार्यालयात आणलं, आणि तिथल्या एका वयस्क कारकुनानं माझे सगळे कागद केले. पुढं मला तिथंच नोकरी लागली तीही त्यांच्याच सांगण्यावरून मी अर्ज केला म्हणून. त्यांनी त्या वेळी माझ्याकडं काही मागितलं असतं, तर अंगावर उरलेलं सोनं मी काढून दिलं असतं. त्या दिवसांत बाई काहीही देते. कशाला नाही म्हणायचं हे तिला कळत नसतं. त्यांनी मागितलं नाही, म्हणून माझं घर उभं राहिलं.

आता सांगते ते सांगलीतलं.

आष्ट्याजवळच्या एका गावात शामराव नावाचे निवृत्त नाईक होते. नाईक हा फौजेतला हुद्दा, शिपायाच्या वरचा. आयुष्य तोफखान्यात गेलेलं. तोफेजवळ वर्षानुवर्षं उभं राहून दोन्ही कान गेलेले. डावा पुरता, उजवा बराचसा. निवृत्त होताना डॉक्टरांच्या बोर्डानं त्यांचा बहिरेपणा इतका कमी लिहिला, की अपंगत्वाची वेगळी पेन्शन त्यांना बसली नाही. असं झालं तर अपील करता येतं, आणि तेही फुकट. त्यांची बायको तानुबाई त्यांना घेऊन आमच्याकडं आली होती. मी अपील लिहून दिलं, पाठवलं. पुन्हा तपासणी होईल, वेळ लागेल, असं तानुबाईंना सांगितलं. नाईक स्वतः टेबलासमोर ताठ बसून होते. जाताना त्यांनी कडक सॅल्यूट केला. साडी नेसलेल्या कारकुनाला सॅल्यूट मिळायचा असा तो दुर्मीळ प्रसंग.

त्यानंतर ते आले नाहीत. पुढं पुष्कळ दिवसांनी त्यांच्या मंजुरीच्या पत्राची प्रत आमच्याकडं आली. अपंगत्वाची पेन्शन मंजूर, मागची सगळी थकबाकीही मंजूर. असं पत्र आलं की मी स्वतः फोन करायचे. नोकरीतलं तेवढं एक सुख होतं, ते मी कुणाला देत नसे. कागदावर नाईकांच्या नावापुढं जो नंबर होता, तो लावला.

"बोला ताई," पलीकडून एक गोड आवाज आला. बहिऱ्या माणसाचा तो आवाज नव्हता.

"शामराव नाईक आहेत का?"

"मीच त्यांचं सगळं बघतो. क्लार्क जालिंदर. मंजुरीचा मेसेज मला आलाय, ताई. तुमी त्रास घेऊ नका."

जालिंदरचं नाव मी ऐकून होते. तोही फौजेतून निवृत्त झालेला, पलटणीत कारकून होता. आष्ट्यात बाजारपेठेत त्यानं गाळा घेतला होता. बोर्डावर झेंडा, दोन बंदुका आणि 'आजी-माजी सैनिकांची सर्व कामे'. पेन्शनचा कारभार ऑनलाइन झाल्यावर ज्यांना मोबाईल कळत नाही, त्यांच्या नावापुढं हा स्वतःचा नंबर घालायचा. म्हणजे सरकार त्या म्हाताऱ्याला जे काही कळवेल, ते आधी जालिंदरला कळणार. तेवढं त्याला पुरत होतं.

शनिवारी मी एसटी धरून नाईकांच्या गावाला गेले. नाईक रानात होते. तानुबाई चुलीपुढं भाकऱ्या थापत होत्या. मी पाटावर बसले आणि मंजुरीची बातमी सांगितली. त्यांना ती माहीत होती, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"मिळालं म्हना, पर आमास्नी न्हाई मिळालं," त्या म्हणाल्या. "थकबाकीतला तिसरा वाटा जालिंदरचा. आनि म्होरं दर म्हैन्याला बी त्याचं हायच. मंजुरीची वाट बघून दमलो, तवा त्यानं कागदावर सही घेतलीया. कोरं चेक बी घेतल्यात."

"आणि कार्ड?"

"ते बी त्याच्याकडं." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "नातीला मिरजेला नर्सिंगला घालायची हुती, मॅडम. लेकीची लेक. पैसं भरायची मुदत आलीया. जालिंदर म्हनतोय, आदी माजा हिसाब करा, मग कारड देतो."

"तुम्ही नाईकांना काही बोलला नाहीत?"

"बोलून काय करू? म्हनत्यात, शबुद दिलाय."

एवढ्यात नाईक आले. खांद्यावर वैरणीचा भारा. तो गोठ्यात टाकून, हातपाय धुऊन ते समोर बसले. मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. अपील मी पाठवलं होतं. जालिंदरनं त्यात काही केलेलं नाही. आणि इंग्रजांच्या वेळेपासून पेन्शनीचा एक कायदा आहे; हातात न आलेल्या पेन्शनीवर कुणी कसलाही करार करून घेतला, तरी तो कागद रद्द. अशा कागदाची किंमत शून्य. सांगलीतल्या एका वकिलांकडून मी खात्री करून आले होते. ते माजी सैनिकांना फुकट सल्ला द्यायचे. वकिलाची गोष्ट वेगळी, तो कोर्टात उभा राहतो, त्यानं आधी सांगून रास्त फी घ्यावी, पावती द्यावी, त्याला कुणाची हरकत नाही. इथं तर कोर्टच नव्हतं.

नाईकांनी सगळं ऐकून घेतलं. मग बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "कायदा तुमचा, मॅडम. शबुद माजा हाय."

"अण्णा, पण त्यानं फसवून घेतलाय."

"त्यो फौजेतला मानूस हाय. सिव्हिलचा असता तर मी दिला नसता शबुद." पुढं म्हणाले, "फौजी मानसाला दिलेला शबुद मोडून मी गावात कसं फिरू?"

हे ऐकल्यावर मला जालिंदरचा जितका राग आला, तितका आधी कधी आला नव्हता. हा माणूस पैसे खातो हे मला माहीत होतं. पण तो ह्यांची सचोटी खात होता. लबाड माणसाकडून त्याला एक पैसा सुटला नसता. सगळा धंदा उभा होता तो समोरचा माणूस दिलेला शब्द मोडणार नाही ह्या भरवशावर. आणि तो भरवसा त्यानं पलटणीत कमावला होता, नाईकांसारख्यांच्या संगतीत.

मी उठले. काही इलाज नव्हता. माणूस स्वतः नको म्हणाला, तर सरकारी कारकुनाचं काही चालत नाही. उंबऱ्याशी आले तेव्हा नाईकांनी हाक मारली.

"मॅडम, त्यानं काम केलंच न्हाई म्हनता?"

"नाही," मी मोठ्यानं म्हटलं.

"मग इचारू त्यालाच. तुमी बी चला. समोरासमोर हुंद्या."

बाजारच्या दिवशी आम्ही तिघं त्याच्या गाळ्यात गेलो. नाईक धुतलेल्या शर्टात, छातीवर मेडलं लावलेली. तानुबाई डोक्यावर पदर घेऊन. गाळ्यात आणखी चार-पाच जण बसलेले होते, कुणी पेन्शनर, कुणी विधवा. जालिंदर उठून उभा राहिला. खुर्च्या पुसल्या, चहा सांगितला.

"अण्णा, बसा की. ताई, तुमी पन?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "अण्णा, आतल्या खोलीत बसूया का? तिथं बोलू."

"मोठ्यानं बोल," नाईक म्हणाले. "मला ऐकू येत न्हाई. म्हनून तर पेन्शन मिळाली."

गाळ्यातली माणसं हसली. बाहेर कोथिंबिरीच्या पेंढ्या मांडून बसलेल्या बाईनंही मान वळवली. जालिंदरचा सगळा धंदा हळू आवाजातला. हळू आवाजात न बोलता येणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असावं.

नाईक म्हणाले, "शबुद दिलाय, पैसं देतो. फकस्त पावती दे. त्यात लिव्ह, कोनचं काम केलंस त्ये."

"आवं अण्णा, आपल्यात पावती कसली? एका फौजेतली मानसं आपन."

"फौजेत बुटाची लेस घेतली तरी सही करत हुतो. तू तर किलारक हुतास. तूच घेत असशील सह्या."

 नाईकांनी टेबलावरचा कागद त्याच्यापुढं सरकवला. "लिव्ह. अपील कुनी लिवलं?"

"अण्णा, अपील त्यांच्या हापिसातनं गेलं, पर पाठपुरावा मी केला."

"कुटं? दिल्लीला गेलास? त्ये लिव्ह. गेल्याचं तिकीट लाव. मी तिकिटाचं बी पैसं देतो."

"फोन केले."

"कुनाला? नाव लिव्ह."

त्यानं पेन उचललं आणि परत ठेवलं. लिहिणार काय? पेन्शनीतला वाटा घेतल्याची पावती स्वतःच्या हातानं लिहून दिली, तर तोच कागद घेऊन पोलीस दारात आले असते. नाईकांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना खरोखरच पैसे द्यायचे होते, आणि खरोखरच पावती हवी होती.

मग जालिंदर माझ्याकडं वळला. आता आवाजात ताई नव्हती. "तुमी सरकारी मानसं. तुमच्या हापिसात मानूस हेलपाटं घालून घालून दमतो. एक टेबल, दोन मानसं, आनि आख्खा जिल्हा. कोन धड उत्तर देत न्हाई, तवा त्यो माज्याकडं येतो. त्ये बी सांगा की ह्यांस्नी."

हे खोटं नव्हतं. आमच्याकडं माणसं कमी होती. साहेबांची जागा कधी रिकामी असायची, कधी संगणक बंद. लांबून आलेल्या म्हाताऱ्याला उद्या या म्हणून सांगताना मीच ऐकलं आहे माझ्या शेजारच्या टेबलाला. मी म्हटलं, "खरं आहे. आम्ही उशीर करतो. पण आमच्या उशिराचे पैसे तुम्ही ह्यांच्याकडून घेताय. उशीर आमचा आणि दंड ह्यांना?"

नाईकांना ह्यातलं काही ऐकू आलं नाही. ते पावतीची वाट बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी कागद परत घेतला, घडी घातली, खिशात ठेवला. "लिवता येत न्हाई म्हंजे काम न्हाई. काम न्हाई तर पैसं न्हाई. कारड काड."

जालिंदरनं खण उघडला. आतून रबरानं बांधलेला एक गठ्ठा काढला. सगळी एटीएम कार्डं. त्यातून त्यानं नाईकांचं शोधून दिलं. तो गठ्ठा गाळ्यातल्या सगळ्यांनी पाहिला. कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी हळूच म्हणाली, "माजं बी द्या."

"आनि चेक?" तानुबाईंनी विचारलं. एवढ्या वेळात त्या पहिल्यांदा बोलल्या.

"ते फाडून टाकले, मावशी. आईच्यान."

जाताना नाईकांनी विचारलं, "मोबाईल नंबर घालायला, फारम भरायला काय घेतोस?" बोर्डाखाली दर लिहिले होते. तेवढे पैसे त्यांनी मोजून टेबलावर ठेवले. केलेल्या कामाचे.

माझं मन मात्र त्या चेकवर होतं. मी दोघांना तसंच बँकेत नेलं आणि त्या चेकचे पैसे देऊ नयेत असा अर्ज द्यायला लावला. नाईक कुरकुरत होते. "आईची शप्पत घेतलीया त्यानं," म्हणत होते. पण तानुबाईंनी त्यांच्या हातात पेन दिलं, आणि त्यांनी सही केली.

त्याच आठवड्यात जालिंदरनं 'फाडलेल्या' चेकांपैकी एक बँकेत वटायला आला. थकबाकीच्या तिसऱ्या वाट्याचा आकडा, अगदी व्यवस्थित अक्षरात.

बँकेतून निरोप गेला तेव्हा नाईक घरीच होते. तानुबाईंनी नंतर मला सांगितलं, की तो निरोप त्यांनी दोनदा मोठ्यानं सांगायला लावला. मग आत जाऊन त्यांनी परत मेडलं लावली आणि म्हणाले, "त्यानं शबुद मोडला. आता माजा बी सुटला." ते सरळ पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारानं आधी विचारलं, "काका, सही तुमचीच आहे ना? मग तक्रार कशाची?" नाईकांना ते ऐकू आलं नाही, की ऐकायचं नव्हतं, मला माहीत नाही. ते बाकड्यावर बसून राहिले. सांगलीचे वकील संध्याकाळी येऊन पोहोचले, तोपर्यंत ते उठले नव्हते. तक्रार लिहून घेतली गेली.

नात मिरजेला लागली. पैसे मुदतीत भरले गेले. ती गोष्ट बरी झाली. नाईकांची तक्रार गावात कळल्यावर एकेक जण पुढं यायला लागला. कुणाचं कार्ड, कुणाचं पासबुक, कुणाच्या जमिनीचा उतारासुद्धा त्या खणात होता. माझ्या टेबलापुढं काही महिने रांग होती. त्यातले बरेच जण म्हणायचे, "शामरावांनी केली म्हनून आमी केली. नायतर फौजी मानसाविरुद्ध कोन जाईल?"

वाचणाऱ्याला वाटेल, जालिंदरला शिक्षा झाली असेल. खटला चालू आहे. तारखा पडतात. नाईक प्रत्येक तारखेला जातात, ऐकू काही येत नाही, पण जातात. आष्ट्यातला गाळा बंद झाला. नंतर कळलं, दुसऱ्या तालुक्याच्या गावात त्याच्या मेव्हण्याच्या नावानं तसाच बोर्ड लागला आहे. झेंडाही आहे, बंदुकाही आहेत. हे मला कुणी सांगितलं तेव्हा मी जेवत होते, आणि ताट बाजूला सारलं. ज्या झेंड्यासाठी लोकांनी कान, पाय, नवरे दिले, तो झेंडा दुकानाच्या पाटीवर लावून त्यांच्याच विधवांना आत बोलवायचं, ह्याला कुठल्या कलमाखाली घालायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात साहेब माझ्या सचोटीबद्दल चार शब्द बोलले. मला ते आवडलं नाही. ज्याचे पैसे घ्यायचेच नाहीत, त्याचे घेतले नाहीत, ह्यात कौतुक कसलं? आणि त्याचं कौतुक करावं लागतं, इतपत गोष्टी गेल्या आहेत, हेच मला सलत राहिलं.

मी स्वतःही पेन्शनर आहे, यजमानांच्या मागं मिळणारी पेन्शन घेते. आम्हाला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, आपण जिवंत आहोत असा. मागच्या नोव्हेंबरात मी त्यासाठी साताऱ्यात बँकेत गेले. बँकेच्या दारालगत एका तरुणानं घडीचं टेबल मांडलं होतं. अंगठ्याचा ठसा घ्यायचं छोटं यंत्र, मोबाईल, आणि समोर म्हाताऱ्या माणसांची ओळ. माझ्याकडं बघून म्हणाला, "मावशी, हयातीचा दाखला ना? पाचशे द्या, लगेच करतो. आत गेलात तर दिवस जाईल."

आत हे काम फुकट होतं, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. ओळीतल्या लोकांना नव्हतं. एक जण तर काठी टेकत आलेला, हातात पाचशेची नोट घडी करून धरलेली.

त्याच्या टेबलाजवळ एक रिकामी खुर्ची होती. मी त्यावर बसले. ओळीतल्या पहिल्या आजोबांना म्हटलं, "आबा, नोट खिशात ठेवा. आत दुसऱ्या खिडकीवर जा, फुकट होतंय. गर्दी आहे, पण होतंय." ते गेले. दुसऱ्यांना सांगितलं, तिसऱ्यांना सांगितलं. काही जण माझ्याकडं संशयानं बघत होते, तेच जुनं बघणं. पण आत गेलेले आजोबा दाखला घेऊन बाहेर आले, आणि मग ओळ आपोआप आत वळली.

तरुण मुलगा आधी हसला, मग चिडला, मग गयावया करायला लागला. नवी माणसं येत होती, आणि मी प्रत्येकाला तेच सांगत होते. दुपार झाली. शेवटी त्यानं यंत्र पिशवीत भरलं, टेबलाची घडी घातली, आणि माझ्यासमोर उभा राहून खऱ्याच कुतूहलानं विचारलं, "मावशी, ह्यातनं तुमाला काय मिळतं ओ?"

"पेन्शन मिळते," मी म्हटलं. "पुरी."